दुधापाशी थांबणारं गाणं

ती. मावशीला,

साष्टांग नमस्कार घालायला हवा, पण साष्टांग म्हणजे आडवं व्हायचं, आणि मी एकदा आडवी झाले तर परत उठायची नाही. म्हणून उभ्याउभ्याच नमस्कार करते, तोही एका हाताने. दुसऱ्या हातावर बाळ आहे. तुझे गुडघे कसे आहेत? डोळ्यांत थेंब घालतेस का, की बाटली कपाटावर ठेवून विचारेल त्याला "घातले, घातले" म्हणतेस? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. (मजेत असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. खरं म्हणजे मी झोपलेलीच नाही, मावशी. काल यांच्या चहात साखर म्हणून मीठ घातलं आणि यांनी तो पिऊन कप विसळून ठेवला. यावरून ते किती झोपलेत ते तूच ओळख.)

हे पत्र जे कोणी मावशीला वाचून दाखवत असतील त्यांनाही माझा नमस्कार. जरा सावकाश वाचा आणि तिच्या डाव्या बाजूला बसा, उजवा कान नावालाच आहे. मी फोनच केला असता, पण फोनवर मावशीला ऐकू येत नाही आणि ऐकू आलं नाही की ती "हो हो, छान छान" म्हणते. मागे मी बाळाचं ऑपरेशन आहे असं सांगितलं तर म्हणाली, "छान छान, सगळ्यांना बोलव." म्हणून पत्र. यांच्या कारखान्यातून माल घेऊन एक गाडी तुमच्या बाजूला येते, तिच्या ड्रायव्हरच्या हातात देतेय.

तर का झोपले नाही ते. बाळाच्या जांघेत एक फुगा येतो. रडला की येतो, गप्प झाला की आत जातो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या हर्निया आहे, लहान मुलांना होतो, साधं ऑपरेशन असतं, घाबरायचं नाही. (हे म्हणताना त्या खाली मान घालून लिहीत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या असत्या तर मी घाबरले नसते.) येत्या गुरुवारी सकाळी करणार आहेत. तोवर फक्त एकच सांभाळा म्हणाल्या, याला फार रडू देऊ नका. रडला की आतडं त्या भोकातून खाली उतरतं, आणि एखाद वेळी तिथेच अडकून बसलं, फुगा कडक झाला, तर असाल तसं उचलून आणा. मी विचारलं, बाळाला रडू द्यायचं नाही म्हणजे नेमकं काय करायचं? त्या म्हणाल्या, तुम्ही आई आहात, तुम्हाला कळेल. मावशी, मला काही कळत नाही गं. बाळाला रडू देऊ नका म्हणजे नळाला ओलं होऊ देऊ नका. शिवाय माझी शाळा सातवीत संपली, आणि सातवीपर्यंत तरी हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

आता आम्ही काय काय केलं ते ऐक, म्हणजे तुझी जरा करमणूक होईल. आधी यांना शोध लागला की मिक्सरच्या आवाजाने बाळ गप्प होतं. (हे बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला आहेत, दिवसभर मशीनच्या आवाजात राहून त्यांना सगळे इलाज मशीनमध्येच दिसतात.) मग रिकामा मिक्सर फिरवत बसले. बाळ अगदी कान टवकारून ऐकत होतं. मिक्सर जळला. वास खालपर्यंत गेला आणि घरमालकीणबाई वर आल्या, काय जळतंय म्हणून. मग नळ सोडून बघितला, धारेच्या आवाजानेही गप्प बसतो. टाकी रिकामी झाली. घरमालकीणबाई परत वर आल्या, या वेळी डोक्याला साबण लावलेल्या. मग छत्री. छत्री उघडली की बाळ हसतं, मिटली की तोंड वाकडं करतं. म्हणून हे घरात उभे राहून छत्री उघडायचे नि मिटायचे, उघडायचे नि मिटायचे, असं करता करता छत्रीची काडी दिव्यात गेली आणि बत्ती गुल. घरमालकीणबाई बॅटरी घेऊन वर आल्या. मला वाटलं आता खोली सोडायला सांगतात. पण त्यांनी अंधारात यांना बघितलं, हातात छत्री, पायाशी काचा, आणि खाली बसून इतक्या हसल्या की त्यांनाच पाणी द्यावं लागलं. (पाणी त्यांच्याच माठातून आणलं, टाकीत नव्हतं.) स्वभावाने वाईट नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतःचा रेडिओ वर आणून दिला. म्हणाल्या, याच्यावर सारखं ते एक गाणं लागतं बघ, माझी नात ते ऐकल्याशिवाय झोपत नाही.

आणि मावशी, ते गाणं म्हणजे आपलं गाणं. दादाचं.

तुला आठवतंय ना? नसेल तर आठवण करून देते, कारण तू तेव्हा ऐकत नव्हतीस, तोंडात सुई धरून काज-बटणं करत होतीस. आई गेली आणि आम्ही दोघं तुझ्याकडे आलो. तुझ्या भोवती शर्टांचा ढीग, तू मधे. मला झोप यायची नाही. दार वाऱ्याने वाजायचं आणि मला वाटायचं कोणीतरी बाहेर उभं आहे. दादा माझ्या पाठीवर हात ठेवून बसायचा आणि एक गाणं रचून म्हणायचा. रचून म्हणजे काय, त्याला सुचेल ते. "दारात कोणी नाही गं, वाराच आहे तो. झोप गं तू, मी जागतोय." एवढं झालं की नेमकी तू शर्टांतून ओरडायचीस, "दूध बघ रे!" दादा "आलो" म्हणायचा आणि पळायचा. मी डोळे मिटून सगळं ऐकायची. त्याची अनवाणी पावलं, सांडशीचा आवाज, गॅस बंद केल्याचा टक. मग पावलं परत. मग पाठीवर हात. आणि मग गाण्याचा पुढचा शब्द, "अजून जागतोय." तो शब्द आल्याशिवाय मी कधी झोपले नाही. तेवढा वेळ श्वाससुद्धा धरून ठेवायची. ज्या दिवशी दूध उतू जायचं त्या दिवशी ओटा पुसेपर्यंत गाणं थांबलेलं असायचं, आणि मी निळी पडायची वेळ यायची. पुढे पुढे गॅसवर दूध नसलं तरी तो तिथे थांबायचा. गाण्यालाच सवय लागली होती.

आता हे गाणं रेडिओवर कसं गेलं ते. दादा एका मोठ्या हॉलमध्ये दिव्यांचं वायरिंग करत होता. खाली बँडवाले तालीम करत होते. (मिरवणुकीतला बँड नव्हे, मावशी. ते निदान टोप्या घालतात. हा रॉक बँड, हे शर्टाची बटणंसुद्धा लावत नाहीत. तुझी सगळी मेहनत फुकट.) आपला दादा शिडीवर चढला की गातो, तुला माहीतच आहे. खालचा गाणारा, कंबरेपर्यंत केस, वर बघून म्हणाला, हे कोणाचं? दादा म्हणाला, घरचं आहे. तो म्हणाला, आम्ही म्हटलं तर चालेल? दादा म्हणाला, म्हणा की, गाणं आहे, गॅसचं सिलिंडर थोडंच आहे, तुम्ही नेलं तर आमच्याकडे काय कमी होणार? खरं सांगायचं तर त्यांनी काही वाईट केलं नाही. दादाला खाली बोलावून चहा पाजला, नाव विचारून घेतलं, आणि ते नाव छापलंयसुद्धा, मुंगीला चष्मा लावला तर तिला वाचता येईल एवढ्या अक्षरात. फक्त जाताना त्या गाणाऱ्याने विचारलं, तुम्ही मधेच थांबता ते का? आता एवढ्या मोठ्या लोकांसमोर दूध कसं सांगायचं? दादा लाजला आणि म्हणाला, तिथं थांबायचं असतं.

झालं. त्यांनी ते देवाचं म्हणणं असल्यासारखं पाळलं. आता तो बँड हजारो लोकांसमोर गातो, "झोप गं तू, मी जागतोय", आणि थांबतो. सगळे दिवे बंद. सगळी माणसं गप्प. आणि मग ढोल, गिटारी, झांजा, जेवढं म्हणून लोखंड त्यांच्याकडे आहे ते सगळं एकदम वाजवून तो किंचाळतो, "अजून जागतोय!" मावशी, असं ऐकल्यावर कोण झोपेल? आमचं बाळ पहिल्या ओळीला डोळे मिटतं, दुसऱ्या ओळीला हात सैल सोडतं, त्या शांततेत अगदी झोपायला टेकतं, आणि मग असं दचकून रडतं की फुगा येतो तो जाता जात नाही. घरमालकीणबाईंची नात कशी झोपते देव जाणे. बहुतेक बेशुद्ध पडत असेल.

लोक तर त्या थांबण्यावर वेडे झालेत. रेडिओवर एक बाई सांगत होत्या की ही विरहाची शांतता आहे, कवीची प्रेयसी त्याला सोडून गेली आहे. प्रेयसी! तेव्हा माझ्या नाकाला शेंबूड होता आणि पोटात जंत.

परवा दवाखान्यात तर माझी शोभाच झाली. बाळाचं रक्त तपासायला गेले होते. बसायच्या जागी भिंतीवर उंच टीव्ही, आणि त्यावर हा बँड. बाळ नुकतंच खांद्यावर झोपलेलं. गाणं सुरू झालं तशी मी बाळाच्या कानावर हात ठेवला, कारण पुढे काय येणार ते मला माहीत. हॉलमधले सगळे गुणगुणायला लागले. खोकणारे, प्लास्टर घातलेले, एक वॉर्डबॉय स्ट्रेचर ढकलायचा थांबून डोळे मिटून उभा. (स्ट्रेचरवरचे आजोबाही मान हलवत होते.) ती शांतता आली. सगळा दवाखाना गप्प झाला आणि मी बाळाला घेऊन बाकड्यावर चढले आणि टीव्ही बंद केला.

मावशी, मी कोणाचा खून केला असता तरी लोक एवढे चिडले नसते. एक प्लास्टरवाले काका म्हणाले, अहो बाई, नेमकं इथेच बंद करता? इथेच तर सगळं आहे! मी म्हटलं, इथे काही नाही, इथे दूध उतू चाललंय. वॉर्डबॉयने मला हळूच बाकड्यावरून खाली उतरवलं, पाणी दिलं आणि विचारलं, ताई, तुमच्याबरोबर कोणी आलंय का? तेव्हा मला एकदम रडू आलं. कारण कोणी आलं नव्हतं. यांना सुट्टी गुरुवारचीच मिळाली आहे.

तू म्हणशील, मग तूच म्हण ना ते गाणं. म्हटलं. हे म्हणाले, बिजागरीला तेल घाल. बाळ रडलं नाही, पण मला बघून असं तोंड केलं की मीच लाजून गप्प बसले. नाही जमत मला. आणि खरं सांगू, मावशी, ते गाणं म्हणायचं नसतंच मला. ते मला ऐकायचं असतं.

मग मी दादाला फोन केला. म्हटलं, दादा, जरा म्हण ना ते, मी फोन बाळाच्या कानाशी धरते. तर म्हणाला, "त्यांचं लाव की."

"त्यांच्याने उठतो तो. ढोल वाजतात."

"आवाज कमी कर मग."

"कमी केला तर तू थांबतोस ते कळत नाही."

"मी कुठे थांबतो? ते थांबतात. बरं ठेवतो, शिडीवर आहे."

मागून ताटवाटीचा आवाज येत होता. शिडीवर बसून कोण जेवतं? म्हटलं, दादा, गुरुवारी ये तरी. तर म्हणाला, साधं ऑपरेशन आहे ना? मी येऊन काय करू, दवाखान्याचं वायरिंग झालेलं आहे. हसला आणि फोन ठेवला. आता मी फोन केला की तो कायम शिडीवरच असतो. एवढ्या उंचावर कोणी राहिलेलं मी ऐकलं नाही.

त्याचं काय झालंय ते मला वहिनीने सांगितलं. तो ज्या विजेच्या सामानाच्या दुकानातर्फे वायरिंगला जातो, तिथल्या सगळ्या कामगारांची सहल गेली होती. जेवणं झाल्यावर कोणीतरी म्हणालं, तू गातोस ना, म्हण काहीतरी. दादाने हेच म्हटलं, आपलं, हळू, जसं माझ्यासाठी म्हणायचा तसं. आणि संपल्यावर एक जण म्हणाला, चांगला प्रयत्न आहे, पण तू ओरिजिनल नीट ऐक, शेवटी असं मऊ नाही म्हणत ते. सगळे हसले. दादाही हसला म्हणे. "खरंय, ऐकायला पाहिजे," म्हणाला. आणि तेव्हापासून तो शिडीवरही गात नाही, मावशी. वहिनी म्हणते, वर चढतो, काम करतो, उतरतो. गाणं नेलं तर आमच्याकडे काय कमी होणार, असं म्हणाला होता ना? हे कमी झालं.

गुरुवारचं सांगते आणि थांबते, बाळ चुळबुळ करतंय. त्या दिवशी पहाटेपासून त्याला दूध द्यायचं नाही. उपाशी ठेवायचं आणि रडू द्यायचं नाही. हे दोन्ही एकाच वेळी कसं करायचं ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही, तुम्ही आई आहात एवढंच म्हणाल्या. मग त्याला माझ्याकडून घेतील, आत नेतील, दार लावून घेतील आणि गुंगीचं औषध देतील. झोपवतील, मावशी, ते मला समजतंय. झोपवायला त्यांच्याकडे औषध आहे. पण तू झोप, मी जागतोय, असं त्याला कोण सांगणार? आणि बाहेर बाकड्यावर मला? यांना मी सांगत नाही, ते आधीच मीठ घातलेला चहा पितात. मी तुला सांगते. मला खूप भीती वाटते. दाराबाहेर कोणीतरी उभं आहे असं परत वाटायला लागलंय, आणि या वेळी तो वारा नाही.

बाकी सगळं ठीक. काळजी करू नकोस. थेंब घाल.

तुझी लाडकी,
(आणि हातावरचं बाळही, सध्या झोपलेलं)

ता. क. – दादाला यातलं काही कळवू नकोस. तो कामात असतो. आणि मी काही एवढी घाबरलेले वगैरे नाही, ते लिहिण्याच्या भरात लिहिलं गेलं. तुझ्याकडची ती जुनी मऊ चादर असेल तर ड्रायव्हरजवळ दे, बाळाला गुंडाळायला. पत्र त्यासाठीच लिहिलं होतं.

ता. क. दुसरा – हा फक्त वाचणाऱ्यासाठी आहे. मोठ्याने वाचू नका. मावशीला सांगा, पत्र संपलं, चादर मागितली आहे. ती चादर शोधायला उठेल, तिला वेळ लागतो. तेवढ्यात एक काम करा, तुमचे फार उपकार होतील. स्वयंपाकघरात पातेलं पालथं घातलेलं असेल, त्यात दूध ओता आणि गॅस मोठा करून ठेवा. मावशीचे कान गेलेत, पण नाक शाबूत आहे. शेजारच्या सांगतात की घरात कोणी नसलं तरी दुधाचा वास आला की ती अजून हाक मारते. मग माझ्या भावाला फोन लावा. नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे. तो उचलेल आणि शिडीवर आहे म्हणेल. तुम्ही काही बोलू नका. गाण्याचं नाव काढू नका. फोन नुसता मावशीच्या तोंडाजवळ धरून उभे राहा. ती "दूध बघ रे" म्हणेल, आणि तो "आलो" म्हणेल. त्याला आवरायचं नाही, कितीही मोठा झाला तरी. आणि आलो म्हणून तो आला नाही असं आमच्या घरात कधी झालेलं नाही. तो शब्द त्याच्या तोंडून एकदा निघाला की मग सांगा, गुरुवारी सकाळी, दवाखान्यात, लहान मुलांच्या वॉर्डाबाहेरचं बाकडं. दूध उतू गेलं तर जाऊ द्या, ओटा मी येऊन पुसून देईन. पण फोन तेवढा लावा.